विद्यापीठाचं दार उघडताना: पहिल्यांदाच लोकांसमोर विज्ञान घेऊन जाणाऱ्या संशोधकांसाठी

नारायणगावजवळच्या खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीला जत्रेसारखी गर्दी होते. जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण त्या दिवशी सगळ्यांसाठी खुली असते. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिथे पाहुणा म्हणून गेलो होतो. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानं अँटेनाच्या जाळीकडे बोट करून विचारलं, "एवढी भोकं आहेत, मग त्यातनं सिग्नल गळत नाही का?"

समजावून सांगणारी मुलगी जेमतेम विशीतली असेल. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "काका, पीठ चाळताना कोंडा खाली पडतो का?" मग तिनं आपला पंजा ताणून वीत दाखवली. आकाशातल्या हायड्रोजनकडून येणाऱ्या रेडिओ लहरीची लांबी २१ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत. जाळीचं भोक फार तर बोटाएवढं. वीतभर लहर बोटभर भोकातून गळत नाही, जाळीवर आपटून परत फिरते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी वादळात टिकते. काकांनी स्वतःची वीत हवेत उघडून पाहिली आणि मान डोलावली.

एक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन फाट्यांवर २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ही सगळी माहिती फलकावर होतीच, मीही ती वाचली होती. पण भोकांचा प्रश्न मला सुचला नव्हता. तो शेतात गोफण, चाळण, जाळी रोज हाताळणाऱ्या माणसाला सुचला. विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मी तिथे शिकलो: लोकांकडे आधीपासून असलेला प्रश्न बाहेर यावा अशी जागा तयार करायची, तो ऐकायचा आणि त्याचं उत्तर द्यायला परत जायचं. यातलं परत जाणं सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

तुम्ही नुकतेच पीएचडीला लागला असाल किंवा सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाला असाल आणि विभागप्रमुखांनी "यंदाचा विज्ञान दिन तुम्ही बघा" असं सांगितलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

आधी स्वतः पाहुणे व्हा

कार्यक्रम ठरवण्याआधी दोन-तीन ठिकाणी नुसतं जाऊन या. आयोजक म्हणून ओळख सांगू नका, रांगेत उभे राहा. पिण्याचं पाणी कुठे मिळतं, आजीला बसायला जागा आहे का, मागच्या रांगेतल्या मुलीला काही दिसतं का, हे रांगेतूनच कळतं.

पुण्यात पर्याय भरपूर आहेत. विद्यापीठाच्या आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं ही संस्था उभी राहिली आणि तिच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्तांनी तिथे अनेक वर्षं काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी करून विज्ञान शिकवलं. पाषाणला आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतही शाळकरी मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी प्रयोगकेंद्र आहे. मुंबईकरांनी टीआयएफआर या संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय?' हा कार्यक्रम पाहावा. २००९ पासून तो चालू आहे. जुहूच्या पृथ्वी थिएटरात, चहाच्या कपासोबत, शास्त्रज्ञ आणि श्रोते समोरासमोर. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद यांचे कार्यक्रमही जाऊन पाहण्यासारखे असतात. परिषद तर १९६६ पासून मराठीतून हेच काम करते आहे.

पण माझं आग्रहाचं सांगणं वेगळंच आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्रवाल्यांनी एकदा तरी कृषी विद्यापीठात जाऊन यावं. आपल्याकडे 'आउटरीच', म्हणजे विज्ञान लोकांपर्यंत नेणं, हा शब्द अलीकडे रुळला. कृषी विद्यापीठांच्या मात्र स्थापनेपासूनच्या तीन जबाबदाऱ्या आहेत: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत नेणं. तिथे ते हौसेचं काम नाही, त्यासाठी वेगळा संचालक असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मे. त्या दिवशी खरीप पीक मेळावा भरतो, पेरणीच्या अगदी तोंडावर. शेतकरी बियाण्यासाठी येतो आणि सोबत प्रश्न घेऊन येतो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी तर मला आदर्श वाटते. तिथे शास्त्रज्ञ व्यासपीठावर बसत नाही. तो बांधावर उभा असतो, पीक समोर असतं आणि शेतकरी पान उलटून मागची अळी दाखवून विचारतो, "याला काय करायचं?" आपल्या विषयातला बांध कुठला आणि पान कुठलं, ते शोधणं ही आपली पहिली कामगिरी.

'सर्वसामान्य जनता' हे शब्द खोडून टाका

अर्जात, प्रस्तावात, निमंत्रणपत्रिकेवर हे शब्द हमखास येतात. पण अशी जनता कार्यक्रमाला येत नाही. आठवीतली चाळीस मुलं येतात, निवृत्त बँक अधिकारी येतात, आवारातल्या सुरक्षारक्षकांच्या घरची माणसं येतात, एखादा रिक्षावाला सवारी सोडून डोकावतो. यातल्या एका गटाचं नाव कागदावर लिहा आणि त्यांच्यासाठीच कार्यक्रम आखा. बाकीचे येतीलच, त्यांना कुणी अडवत नाही.

गट ठरला की त्यातल्या पाच जणांशी आधी बोला. "आम्ही सूक्ष्मजंतूंवर काम करतो, तुम्हाला त्याबद्दल काय जाणून घ्यायचंय?" असं विचारलं तर समोरचा गप्प बसतो. त्याऐवजी "घरात विरजण कधी बिघडतं?" असं विचारा. बोलणं थांबत नाही. उन्हाळ्यात आंबट का होतं, पावसाळ्यात तार का सुटते, सासूबाईंच्या हातचंच का लागतं. त्या दहा मिनिटांत तुमच्या प्रदर्शनाची निम्मी मांडणी झालेली असते.

आणखी एक गट आपण विसरतो: प्रयोगाचे शेजारी. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणणाऱ्या-आखडवणाऱ्या तरंगांची, वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या हिश्श्याएवढा फरक पडला तरी तो टिपायचा. इतक्या नाजूक मोजमापाला रस्त्यावरच्या ट्रकची थरथरसुद्धा त्रास देते. म्हणजे आसपासच्या गावांचं सहकार्य हा यंत्रणेचाच एक भाग आहे. खोडदलाही तसंच. मोबाइल, वेल्डिंगच्या ठिणग्या, बिघडलेला विजेचा ट्रान्सफॉर्मर, हे सगळं रेडिओ दुर्बिणीला कलकलाट वाटतं. तिथे भेट द्यायला गेल्यावर फोन बंद करायला सांगतात ते यासाठीच. अशा ठिकाणी लोकांशी बोलणं हा उपकार नसतो, ती आपली गरज असते. हे मनात पक्कं असलं की आवाजातला उपदेश आपोआप जातो.

पहिला कार्यक्रम स्वस्त आणि आकाशाखालचा

पहिल्याच वर्षी सभागृह, मंडप, पाहुणे, शाल-श्रीफळ यांत पडू नका. माझा नव्या मुलांना नेहमीचा सल्ला: शून्य सावलीचा दिवस घ्या.

आपल्याकडे बहुतेकांची समजूत असते की रोज दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो. तसं नसतं. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून फक्त दोनदा आणि तेही कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रदेशात. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा या पट्ट्यात येतात. सावंतवाडीकडे हा दिवस मेच्या सुरुवातीला येतो, पुण्यात मेच्या मध्याला, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसऱ्यांदा येतो तेव्हा पावसाळा असतो, त्यामुळे आकाश मोकळं मिळेल या भरवशावर कार्यक्रम ठरवू नका.

साहित्य काय? एक मीटरचा पीव्हीसी पाइप, ओळंबा, सपाट फरशी, खडू. ओळंबा गवंड्याकडून मागून आणा, तो वापरणारा गवंडीही सोबत आला तर फारच उत्तम. पाइप सरळ उभा आहे की नाही, हे आपल्यापेक्षा त्याला लवकर कळतं. बाराला सुरुवात करा. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला मुलांना खडूची खूण करू द्या. खुणा आखडत जातात. पुण्यात साडेबाराच्या सुमाराला सावली पाइपच्या बुडाशी गोळा होते आणि पाइपातून खाली येणाऱ्या उजेडाचा पूर्ण गोल फरशीवर पडतो. मी हे किती वेळा पाहिलंय, तरी त्या क्षणी घोळक्यात पसरणारी शांतता मला अजून तेवढीच आवडते. सूर्याकडे मात्र कुणी थेट पाहायचं नाही, पाइपातून वर तर मुळीच नाही. हे सुरुवातीला सांगा आणि मध्ये पुन्हा सांगा.

मग कुणीतरी विचारतंच, "पण साडेबाराला का? बाराला का नाही?" हा प्रश्न आला की कार्यक्रम साधला. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर लावलेली, पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथली खरी दुपार उशिरा होते. नागपुरात ती वीसेक मिनिटं आधी होते. उत्तर एका वाक्यात संपवू नका. "नागपुरातल्या तुझ्या मावशीला फोन करून विचार, तिची सावली सगळ्यात लहान किती वाजता होते" असं सांगा.

धुळ्यातली एखादी शाळा जोडून घेता आली तर आणखी पुढे जाता येतं. पुण्यात सावली शून्य असते त्याच दिवशी धुळ्यात, तिथल्या दुपारी, एक मीटरच्या काठीची सावली उत्तरेला साधारण चार सेंटिमीटर पडते. त्यावरून कोन निघतो सुमारे २.४ अंश. धुळं पुण्याच्या उत्तरेला, फक्त उत्तर-दक्षिण अंतर मोजलं तर सुमारे २६५ किलोमीटर. ३६० अंशांत असे दीडशे तुकडे बसतात. दीडशे गुणिले २६५ केलं की पृथ्वीचा घेर येतो चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास. नववीतल्या मुलांनी दोन काठ्या आणि एका फोनवर पृथ्वी मोजलेली असते. याला लागणारा खर्च म्हणजे पाइप आणि सरबत.

मराठीत बोला आणि शब्द आधी तपासून घ्या

नुसती मराठी पुरत नाही. आपल्या परिभाषेतले काही शब्द लोकांच्या बोलण्यात वेगळ्याच अर्थानं नांदतात आणि ते घोटाळा करतात.

मला दोन शब्दांनी चांगलंच शिकवलं. पहिला 'सेंद्रिय'. रसायनशास्त्रात सेंद्रिय संयुग म्हणजे कार्बनचं संयुग, मग ते कीटकनाशक का असेना. गावात सेंद्रिय म्हणजे रसायन न घातलेलं, चांगलं, खाण्याजोगं. माझ्या एका व्याख्यानानंतर एक बाई म्हणाल्या, "म्हणजे ते औषध सेंद्रिय आहे, फवारायला हरकत नाही ना?" मी पंधरा मिनिटं नेमकं उलटं सांगत होतो. तेव्हापासून मी लोकांसमोर 'कार्बनी संयुग' म्हणतो आणि का म्हणतो तेही सांगतो. दुसरा शब्द 'त्रुटी'. "मापनात पाच टक्के त्रुटी आहे" म्हटलं की लोकांना ऐकू येतं, "आमच्याकडून चूक झाली आहे." त्याऐवजी "शंभर म्हटलं तर पंच्याण्णव ते एकशे पाच धरा" म्हणावं. बाजारात सगळे असंच बोलतात, समजायला काहीच जड जात नाही.

'रेडिएशन', 'बॅक्टेरिया', 'जनुकीय बदल' हे शब्द आले की आधीच भीती घर करून असते हे लक्षात ठेवा. ती भीती हसण्यावारी नेऊ नका. माणूस काळजीपोटी विचारतो, त्याला पहिल्यांदा "तुमची काळजी रास्त आहे, आपण बघू" असं मनापासून म्हणा आणि मग बघा. ग्रहणाचंही तसंच. गरोदर सुनेला घरात बसवणारी सासू आपली वैरी नाही. तिला ग्रहणाचा चष्मा देऊन आधी स्वतः बघायला बोलवा.

भाषण लिहून झालं की ते विभागातल्या शिपाईमामांना किंवा प्रयोगशाळा सहायकांना वाचून दाखवा. ते जिथे "म्हणजे?" म्हणतील तिथे थांबा. माझ्या ओळखीतले उत्तम संपादक तेच आहेत.

प्रत्यक्ष दिवस

तारखेबद्दल एक अडचण. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला, कारण १९२८ मध्ये त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला. १९८७ पासून तो देशभर साजरा होतो. पण आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा त्याच सुमारास असतात, बऱ्याच शाळा परीक्षा केंद्र असतात आणि शिक्षक पर्यवेक्षणात अडकतात. म्हणून पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी आखा आणि मुख्याध्यापकांना पत्र जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात द्या. पत्र द्यायला स्वतः जा. ईमेल शाळेत कुणी उघडेलच असं नाही.

रामन यांचा विषय निघालाच आहे तर नव्यांना हे ठाऊक असावं: तो शोध ज्या संस्थेत लागला ती कोलकात्याची इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स १८७६ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकांकडून वर्गणी जमवून उभी केली होती आणि सुरुवातीच्या काळात तिथे लोकांसाठी विज्ञानाची व्याख्यानं होत. सरकारी हिशेब खात्यात नोकरी करणारे तरुण रामन संध्याकाळी तिथे येऊन प्रयोग करू शकले, कारण तिचं दार उघडं होतं. मी विज्ञान दिनाच्या भाषणात हे नेहमी सांगतो.

आता मांडणी. एका टेबलाशी पंधरा जण, त्याहून जास्त नाहीत. सातेक मिनिटांत टेबल बदललं पाहिजे, म्हणजे मागे खोळंबा होत नाही. प्रत्येक टेबलावर हातात घेण्यासारखी एक तरी वस्तू हवी. काचेआडची मौल्यवान वस्तू दाखवण्यापेक्षा फुटली तरी चालेल अशी द्या. टेबलं कमी उंचीची ठेवा. मुलगे धक्काबुक्की करून पुढे येतात आणि मुली मागे सरकतात, हे दरवेळी होतं. समजावणाऱ्यानं सुरुवातीलाच "आता मागची रांग पुढे" असं म्हणायचं. शेवटच्या फेरीत म्हणून चालत नाही, तोवर त्या निघून गेलेल्या असतात.

समजावायला एमएस्सीची मुलं घ्या, प्राध्यापक नको. त्यांना पाठ करून द्यायचा मजकूर देऊ नका. "समोरच्यानं काय पाहिलं असेल ते आधी विचार, मग बोल" एवढी एकच सूचना द्या. आणि दोन तासांनी त्यांची पाळी बदला, घसा बसतो.

सुरक्षेबाबत मी कठोर आहे. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. पाहणाऱ्यांना धूर दिसतो आणि ते हात घालतात. तो उघड्या हवेत किंवा भरपूर वारा असलेल्या खोलीतच दाखवा, झाकण घट्ट बंद केलेल्या भांड्यात कधीही ठेवू नका, आणि मुलांना दोन हात लांब उभं करा. लेझर मुलांच्या हातात देऊ नका. प्रथमोपचार पेटी कुठे आहे हे प्रत्येक स्वयंसेवकाला ठाऊक असावं. पाणी, स्वच्छतागृह आणि बस उभ्या करायची जागा यांची खात्री आदल्या संध्याकाळी स्वतः फिरून करा. फेब्रुवारी संपता संपता ऊन चांगलंच तापतं, बाहेर रांग लागणार असेल तर कापडी मांडव हवा.

प्रश्नवही

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. प्रत्येक टेबलावर दोनशे पानी वही आणि दोरीनं बांधलेलं पेन. वर मोठ्या अक्षरांत: "तुमचा प्रश्न लिहा. नाव, शाळा किंवा गाव लिहिलंत तर उत्तर पाठवू." ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहायचा संकोच वाटतो, त्यांचा प्रश्न स्वयंसेवकानं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायचा. सुधारून, शुद्ध करून नाही.

नारळीकर मुलांना सही देत नसत. "मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल" असं ते सांगत. मुलं खरंच लिहीत आणि त्यांना उत्तरं येत. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा किती घरांत अशी जपून ठेवलेली पोस्टकार्डं बाहेर निघाली असतील. इतका मोठा शास्त्रज्ञ एका मुलाच्या प्रश्नासाठी वेळ काढतो, हे त्या मुलाला आयुष्यभर पुरतं.

विद्यापीठाला वर्षाअखेरीच्या अहवालात आकडा हवा असतो: किती लोक आले. तो द्या. पण आपल्या स्वतःसाठी वहीतले प्रश्न मोजा आणि वाचा. "आकाश निळं का" हा प्रश्न पुस्तकातून येतो, तो येणारच. "आमच्या विहिरीजवळच्या दगडाला पांढरी पुटं का धरतात" हा प्रश्न आला तर खाली दोन रेघा मारा. यातूनच पुढच्या वर्षीचा विषय निघतो, कधीकधी संशोधनाचाही.

उत्तरं पंधरा दिवसांत गेली पाहिजेत. शाळेच्या नावानं एकत्र पाकीट करा. ज्याचं उत्तर कुणालाच अजून माहीत नाही त्यावर तसं स्पष्ट लिहा: "हे अजून कुणाला कळलेलं नाही, शोध चालू आहे." मुलांना याचा सगळ्यात जास्त आनंद होतो.

गावात जाऊन नमुने घेणार असाल तर

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण इथेच आपण लोकांचा विश्वास गमावतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही विहिरींच्या पाण्याच्या अभ्यासासाठी पुरंदर तालुक्यातल्या एका गावात गेलो. गाडी थांबली, बाटल्या बाहेर काढल्या, तेवढ्यात पारावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "मागल्या उन्हाळ्यात पण आलते तुमच्यासारखेच. बाटल्या नेल्या. त्याचं पुढं काय झालं?" कोण आले होते, कुठले होते, त्यांना आठवत नव्हतं. आम्हालाही शोधता आलं नाही. त्या बाटल्यांचा कुठेतरी शोधनिबंध झाला असेल, त्यात गावाचं नाव आणि अक्षांश-रेखांशही असतील. गावात मात्र एक कागद पोहोचला नव्हता. आजोबांनी आम्हाला विहीर दाखवली, पण त्यांच्या आवाजातली ती थंडी मला अजून आठवते.

आम्ही तिथेच ठरवलं की निकाल दिल्याशिवाय एक ओळही छापायची नाही. त्यासाठी जे केलं ते सांगतो.

नमुना घेतानाच प्रत्येक विहिरीच्या मालकाला विचारलं की निकाल फक्त तुम्हाला सांगायचा की गावालाही. हे विचारणं महत्त्वाचं आहे. पाणी वाईट निघालं असं चारचौघांत जाहीर झालं तर दूध घालणाऱ्याला, जमीन विकायला काढलेल्याला त्रास होऊ शकतो. मग प्रत्येक विहिरीचं एक पान केलं. वर मालकाचं नाव, तारीख, आणि खाली तीनच रकाने: काय मोजलं, किती असावं, किती निघालं. उदाहरणार्थ नायट्रेट. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. त्याखाली मोठ्या अक्षरांत, काय करायचं. नायट्रेट जास्त असेल तर सगळ्यात पहिलं वाक्य असं: "हे पाणी उकळून उपयोग नाही." कारण गावात पाण्याची कुठलीही शंका आली की लोक उकळतात. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध पाजत असाल तर त्यात हे पाणी वापरू नका, हे दुसरं वाक्य. शेणखताचा उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब हलवा, युरिया एकदम न टाकता विभागून द्या, हे त्यानंतर.

पानं घरोघरी दिली. संमती दिलेल्या विहिरींचा एकत्र तक्ता ग्रामसभेत मांडला. ग्रामसभा बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमाराला असते, त्यामुळे आपलं वेळापत्रक त्यांच्या तारखांना जुळवून घ्यावं. त्यासाठी वेगळी सभा बोलावू नका, पेरणीच्या दिवसांत तर कुणीच येणार नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना दोन दिवस आधी तक्ता दाखवा. सभेत अचानक कळलं तर त्यांना तो आपल्यावरचा आरोप वाटतो. आशाताईंना जरूर बोलवा. कुठल्या घरात तान्हं बाळ आहे हे त्यांनाच ठाऊक असतं आणि सभा संपल्यावर लोक शंका विचारायला त्यांच्याकडेच जातात.

आम्ही तक्ता मांडला तेव्हा पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही हे पाणी पावसाळ्यानंतर घेतलंय. आम्ही सगळ्यात जास्त वाईट पाणी पितो एप्रिल-मेमध्ये. ते कधी तपासणार?"

आमच्या प्रस्तावात उन्हाळ्यातले नमुने नव्हतेच. परीक्षा, सुट्ट्या, निधीची मुदत, अशी आमची कारणं होती. बाईंचा प्रश्न वहीत उतरवून घेतला, विभागात परत येऊन वेळापत्रक बदललं आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. दोन विहिरी कोरड्या होत्या, बाकीच्यांत पाणी तळाला. या खेपेला बाटल्या भरायला त्या बाईंची नववीतली मुलगी आमच्याबरोबर होती. प्रत्येक बाटलीवरचं लेबल तिनं लिहिलं: विहिरीचं नाव, तारीख, वेळ आणि पाण्यापर्यंत दोर किती हात सोडावा लागला ते. हा शेवटचा रकाना आमच्या नमुनापत्रकात नव्हता, तो तिनं स्वतः घातला. आता आमच्या प्रत्येक पत्रकात तो असतो.